सिबिल ५८३ असताना धंद्यासाठी कार्ड घेतलं

सांगलीत माझा लग्नपत्रिका छापायचा छोटा व्यवसाय आहे. २०२० मध्ये ऐन लग्नसराईत टाळेबंदी लागली, छपाई बंद, मशीनच्या कर्जाचे हप्ते थकले. पुढे बँकेने तडजोडीची रक्कम ठरवली, ती भरली आणि वाटलं, सुटलो.

२०२४ च्या उन्हाळ्यात कागदाच्या खरेदीसाठी बिझनेस कार्ड मागायला गेलो. उद्यम नोंदणी, जीएसटीची रिटर्न्स, सगळी फाईल सोबत होती. पण प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीची) फर्म असली की मालकाचंच सिबिल, म्हणजे कर्ज कसं फेडलं यावरून ठरणारा स्कोअर, बघतात. माझं निघालं ५८३. रिपोर्टमध्ये त्या मशीनच्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) नव्हतं, ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलं) होतं. हा फरक सेटलमेंटच्या वेळी मला कुणीही सांगितला नव्हता, याचं आजही वाईट वाटतं.

मी चिडून लागोपाठ आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. तसं करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर चढते आणि स्कोअर आणखी घसरतो.

मग शांतपणे रिपोर्ट काढला. सिबिलसह कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात कधीच फिटलेलं गाडीचं कर्ज अजून चालू दिसत होतं. एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) जोडून ऑनलाइन तक्रार केली, तीन आठवड्यांत दुरुस्त झालं. (तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.)

कार्ड मात्र एफडीवरचं निवडलं. एजंट दुसरंच कार्ड गळ्यात मारत होता, प्रोसेसिंग फी आधी मागत होता. त्याला नाही म्हटलं. चाळीस हजारांची एफडी ठेवली, छत्तीस हजारांची लिमिट मिळाली. एफडी बँकेकडे अडकते, पण तिचं व्याज चालू राहतं. बँकेत मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: वार्षिक फी किती, आणि या कार्डाची परतफेड सिबिलला कळवता का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असतं तर घेतलंच नसतं.

महिन्याला दहा हजारांच्या आतच कागद घेतो आणि बिल पूर्ण भरतो. नुसती किमान रक्कम भरली की उरलेल्यावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

बायको म्हणाली, “अहो, आता ते जुनंही मिटवून टाका.” बँकेत विचारलं, सूट दिलेली रक्कम भरली तर नोंद ‘क्लोज्ड’ करू म्हणाले, तसं लेखी घेतलं. दिवाळीच्या ऑर्डरींतून ती भरली. स्कोअर आता ६९४ आहे.