अर्धवट राहिलेली डुक्कर फियाट घ्यावी की नाही: माझा अनुभव

डुक्कर फियाट माझ्या मनात लहानपणापासून आहे. नवीन पोरांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो, प्रीमियर पद्मिनी या गाडीच्याही आधीची ही फियाट 1100, 1950 च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, गोल पाठीची, आणि समोरची दारं उलटी उघडणारी. तर नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्यात टिनाच्या शेडखाली अशी एक 1957 ची गाडी उभी आहे असं मित्राकडून कळलं. ज्या काकांची होती त्यांनी स्वतः रिस्टोरेशन, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात आणायचं काम, काढलं होतं आणि मधेच ते वारले. मुलगा म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे कोणी करणारं नाही आता, तुम्ही पाहून घ्या." मागणी 2 लाखांची.

वरून पाहिलं तर गाडी अर्ध्याहून जास्त झालेली वाटते. पूर्ण बॉडीला ग्रे प्रायमर (रंगाआधीचा थर), फ्लोअर नवीन पत्र्याचा, सीटचे सांगाडे सँडब्लास्ट केलेले. पण अर्धवट गाडी ही चालू स्थितीतल्या खराब गाडीपेक्षा जास्त अवघड असते असं मला आता ठामपणे वाटतं, कारण चालू गाडीत निदान सगळं जागेवर असतं, काय दुखतं ते ती सांगते, आणि इथे तर निम्मी गाडी डब्यांमध्ये असते आणि कोणता बोल्ट कुठला ते माहीत असलेला माणूस आता नसतो.

म्हणून मी आधी डबे उघडले. काकूंनी वरच्या खोलीतून एकेक काढून दिले, काकांनी बऱ्याच पुड्यांवर पेनाने लिहून ठेवलं होतं, "डावं मागचं दार, आतलं हँडल" असं, अक्षर एकदम नीट. खूप बरं वाटलं. तरीही यादी केली तेव्हा समोरच्या ग्रिलची एक पट्टी, मागच्या दिव्याची एक काच आणि काचेभोवतीची बीडिंग नव्हती. लोक इंजिनला घाबरतात, मला उलट या वस्तूंची भीती वाटते. इंजिन 1089 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी, तेच माप पद्मिनीतही शेवटपर्यंत होतं, त्यामुळे पिस्टन, रिंग, बेअरिंग अजून शोधले तर मिळतात, नाहीतर बोअरिंगवाला सिलिंडर घासून ओव्हरसाइज, म्हणजे थोडं मोठं, करून देतो. डुक्करची ग्रिल मात्र पद्मिनीची लागत नाही, ती दुसऱ्या डुक्करचीच पाहिजे, नाहीतर हाताने बनवून घ्या आणि क्रोम करा.

मग एका अनुभवी डेंटरला हिंगणा रोडवरून घेऊन गेलो. साठीचा माणूस, फियाटवर आयुष्य गेलेला. त्यांनी प्रायमरकडे पाहिलंच नाही. सरळ चारही दारं उघडली, बंद केली, आणि बराच वेळ फटी पाहत बसले. म्हणाले, "भाऊ, पत्रा चांगला मारला हो, पण दार पहा ना, वर फट बारीक आणि खाली बोट जाऊन राहिलं."

हे समजून घेण्यासारखं आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन घेते. आणि समोरची दारं उलटी असल्यामुळे समोरच्या आणि मागच्या, सगळ्या दारांचे बिजागर दोन दारांमधल्या खांबावर येतात. खालचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि फ्लोअर कापताना आत आडवे-तिरपे पाइप लावून बॉडी बांधून घ्यावी लागते, नाहीतर मधला खांब किंचित बसतो आणि मग वर कितीही सुंदर पेंट मारा, दार लागत नाही. इथे एका बाजूला तसंच झालं होतं. त्यातून प्रायमर सर्फेसर हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यावर टॉपकोट (वरचा रंग) न मारता नागपूरचे पावसाळे काढले, म्हणजे खाली गंज असणारच. डेंटर उस्तादांनी चुंबक लावून पाहिलं, दोन-तीन ठिकाणी चिकटलंच नाही, म्हणजे खाली पुट्टी. पण खांब स्वतः सडलेला नाही, बांधून, सिल पुन्हा कापून सरळ करता येईल, हे त्यांनी खात्रीने सांगितलं. माझा निर्णय खरं म्हणजे त्या एका वाक्यावर टिकला.

आता कागद. आरसी बुक होतं, जुनं, काकांच्या नावावर, रिन्यूअल कधीचंच संपलेलं. चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर घासून घेतला, जुळला. गाडीत बसवलेल्या इंजिनचा नंबर मात्र जुळेना, ते नंतरच्या पद्मिनीचं निघालं. तेव्हा मी खूप खट्टू झालो. कारण 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने जे विंटेज गाड्यांचे नियम आणले त्यात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षांच्या वरची गाडी हवी आणि ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. नवीन रजिस्ट्रेशनची फी 20,000, दहा वर्षांसाठी, नंबर प्लेटवर व्हीए हे अक्षर येतं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला तेवढं पुरे आहे. मुलाला इंजिनबद्दल विचारलं तर तो म्हणाला, शेडच्या मागे पोत्याखाली एक इंजिन ब्लॉक पडून आहे, बाबा त्याला हात लावू देत नव्हते. पोतं काढलं, वायर ब्रशने घासलं, आरसीवरचाच नंबर! काकांनी मूळ इंजिन जपून ठेवलं होतं.

राहिला प्रश्न वारसांचा. मालक वारले असतील तर आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, बाकी वारसांची संमती लागते, आणि इतकी जुनी गाडी ऑनलाइन रेकॉर्डमध्ये नसेल तर बॅकलॉग एंट्रीही, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेणं. दोन बहिणी बाहेरगावी आहेत, पण दोघीही सही द्यायला तयार आहेत.

घरी बसून हिशोब केला. सिल, पेंट, क्रोम, इंजिनचं काम, वायरिंग, काचा, सगळ्याचा अंदाज काढला आणि त्यावर पुन्हा तिसरा हिस्सा जास्त धरला. बायको म्हणाली, "2 लाख देऊ नको, पण सोडूही नको." मी काकूंना दारांच्या फटी प्रत्यक्ष दाखवल्या, उस्तादांचा अंदाज वाचून दाखवला आणि 1 लाख 20 हजार बोललो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग एवढंच विचारलं की गाडी कापून पार्ट विकणार नाही ना. नाही म्हणून सांगितलं. स्टॅम्प पेपरवर इसारपावती केली, 20 हजार दिले, बाकीचे पैसे आरसी मुलाच्या नावावर होऊन मग माझ्या नावावर ट्रान्सफर झाल्यावर. इसारपावतीत इंजिन ब्लॉकचा नंबर आणि प्रत्येक डब्याची यादी लिहून घेतली, हे नक्की करा, नाहीतर गाडी येते आणि डबे माळ्यावरच राहतात.

तोपर्यंत गाडी महालातच राहील. आरसी झाली की पहिलं काम मधला खांब बांधून घेण्याचं, आणि चारही दारं एका बोटाने लागेपर्यंत पेंटवाल्याला बोलवायचं नाही असं उस्तादांशी पक्कं झालंय.