शेवट पटला नाही, तरी बघा म्हणते

'सेफ्टी नॉट गॅरंटीड' बघा असं मी भेटेल त्याला सांगते, आणि वर 'शेवटाकडून फार आशा ठेवू नका' असंही बजावते. मग प्रश्न ठरलेला: शेवट एवढा खटकतो, तर बघायला सांगता कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितेय. शेवट फोडणार आहे, चालत नसेल त्यांनी इथेच थांबा.

2012चा हा छोट्या बजेटचा अमेरिकी सिनेमा एका खऱ्या जाहिरातीवरून सुचलेला. 1997 साली 'बॅकवुड्स होम मॅगझिन'मध्ये जॉन सिल्वेरा यांनी रिकामी जागा भरायला गंमत म्हणून ती लिहिली होती: भूतकाळात जायला जोडीदार हवा, पैसे परत आल्यावर मिळतील, शस्त्रं आपापली आणावीत, सुरक्षिततेची हमी नाही. सिनेमात ही जाहिरात देणारा केनेथ किराणा दुकानात काम करतो. सिएटलच्या एका मासिकाची इंटर्न डॅरियस, त्याच्यावर लेख करायचा म्हणून, जोडीदार व्हायला आल्याचं सोंग घेऊन तिथे पोचते. फळीवर डबे लावता लावता तो तिची मुलाखत घेतो. मरण नक्की आहे अशा प्रसंगात कधी सापडली होतीस का? नक्की असतं तर इथे उभी असते का, ती उलट विचारते. डॅरियस झालेल्या ऑब्री प्लाझाचा मख्ख चेहरा आणि केनेथ झालेल्या मार्क डुप्लासचं ते भयंकर गांभीर्य! हा सीन मी कितीही वेळा बघेन.

केनेथ वेडा, थापाड्या, की खरंच काहीतरी बनवतोय? सगळी मजा या न कळण्यात आहे. जिला वाचवायला तो मागे निघालाय, ती बेलिंडा जिवंत निघते, तेव्हा तर डॅरियसच्या पायाखालची जमीनच सरकते. तरीही ती त्याच्याबरोबर जाते. आणि मग त्याचं टाइम मशीन बसवलेली तळ्यातली ती बोट लख्ख उजेडात गायब. मशीन चाललं! म्हणजे तो बरोबर, शंका घेणारे मूर्ख, विषय संपला. अहो, डॅरियसनं एवढी जोखीम घेतली, तिचं मोल राहिलं काय?

माझ्या लेखी खरा शेवट आधीच होऊन जातो, तोही जेफच्या गोष्टीत. जेफ म्हणजे तिचा वरिष्ठ. लेखाचं निमित्त करून तो जुन्या प्रेयसीला, लिझला, गाठायला आलेला असतो. आधी तिला बघून नाक मुरडतो, मग पुरता विरघळतो, चल माझ्याबरोबर म्हणतो. ती नाही म्हणते. मग स्वारी सोबत आलेल्या दुसऱ्या इंटर्नला, बिचाऱ्या अर्नाऊला (हा करण सोनी, दिल्लीत वाढलेला) धरून 'तू तरी जगून घे' म्हणत मौजमजा करायला निघते. मागे जायचा प्रयत्न हाही करतो, आणि मशीनबिशीन नसताना आपटतो. हे मला शंभर टक्के पटलं.

दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरोचा पुढचा सिनेमा थेट 2015चा 'ज्युरासिक वर्ल्ड'. मशीन चालवून दाखवलं की मोठी कामं मिळतात, असं दिसतं. तुम्ही मात्र बघाच, दीड तासाच्या आत आटोपतो.