दुसरी बाजू कुठे गेली?

युद्धनौकांच्या जुन्या अर्ध्या मॉडेलांचे फोटो दाखवले की लोक हटकून विचारतात, "हे अर्धंच का? उरलेलं तुटलं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुटलेलं काही नाही. जहाजाची डावी-उजवी बाजू सारखीच, त्यामुळे गोदीचं काम एका बाजूवर भागायचं. मॉडेलची सपाट पाठ फळीवर बसवायची. तीच जहाजाची मध्यरेषा.

आणि काम काय, तर जहाजाच्या अंगावर बसवायच्या पोलादी प्लेटांची मापं काढणं. आराखडे कागदावर असायचेच. पण नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आणि पिछाडीला जहाजाचं अंग एकाच वेळी दोन दिशांना वळतं. बाजूने काढलेल्या चित्रात तिथली प्लेट खऱ्यापेक्षा आखूड दिसते. म्हणून ब्रिटनमधल्या गोद्यांत लाकडी अर्धमॉडेल घडवत. त्याच्या अंगावर लवचीक पट्टी वाकवून प्लेटांच्या रांगा पेन्सिलीने आखायच्या, मग प्रत्येक रांगेतले उभे सांधे, मग एकेका प्लेटला नंबर. वळणावरून कागदाची पट्टी फिरवून लांबी-रुंदी घ्यायची, कापण्यापुरती वाढ धरायची आणि पोलाद कारखान्याला मागणी पाठवायची. शेजारच्या दोन रांगांतले सांधे एका रेषेत आले तर जहाज तिथे कमजोर होतं. मॉडेलवर ही गोष्ट चटकन डोळ्यांत भरते.

माप बहुधा फुटाला पाव इंच, म्हणजे 48 पट लहान. तरी 1906 मध्ये पाण्यात उतरलेली 527 फुटी ब्रिटिश युद्धनौका 'ड्रेडनॉट' या मापात घडवायची तर मॉडेल 11 फुटांचं होईल!

पूर्ण मॉडेलंही होती. लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात 74 तोफांच्या 'बेलोना'चं आहे. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला हवेत हे तिसऱ्या जॉर्ज राजाला पटवण्यासाठी नौदलाच्या चार्ल्स मिडलटनने 1780 च्या सुमारास ते वापरलं, असं मानतात. देखणं आहेच. पण माझा जीव अर्ध्या मॉडेलांवर. त्यांच्यावर गोदीतल्या माणसाचा हात दिसतो: आखलेली रेघ, खोडून वर सरकवलेला सांधा.

म्हणूनच अशी मॉडेलं घासून, रंगवून भिंतीवर लावलेली पाहिली की फार वाईट वाटतं. लाकूड चकचकीत होतं, पण रेघा आणि नंबर कायमचे जातात. तुमच्या हाती एखादं आलं तर मऊ ब्रशने धूळ झटका. पॉलिश पेपर मात्र लावू नका.