रोमच्या दगडांवरची पाळण्यातली नावं

रोममधल्या पॅन्थिऑन या प्राचीन देवळाच्या कपाळावर पहिलं अक्षर आहे ‘एम’. मग अग्रिप्पा, मग ‘एल’ आणि ‘एफ’. वाचायचं असं: लुसिउसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा. पुढे ‘तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना बांधलं’, म्हणजे इ. स. पू. 27. आजची वास्तू मात्र सम्राट हेड्रिअनच्या काळातली. कर्त्याचं नाव त्याने जुनंच ठेवलं. रोममध्ये मी दिवसभर ही आद्याक्षरंच वाचत फिरलो.

रोमन पुरुषाचं पाळण्यातलं नाव एका-दोन अक्षरांत मावतं, कारण नावंच मोजकी. प्रजासत्ताकाच्या अखेरीस चलनात जेमतेम दीड डझन. मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवत, आपल्या बारशाच्या तीन दिवस आधी. मार्कुस हा मार्स या युद्धदेवावरून. लुसिउस ‘लुक्स’वरून, म्हणजे उजेड: पहाटे जन्मलेला. मानिउस सकाळचा. ग्नेउस म्हणजे अंगावर जन्मखूण असलेला, असं रोमनच सांगत. क्विंटुस पाचवा, सेक्स्टुस सहावा, देकिमुस दहावा. पण घराण्यात नाव चालत आलं की थोरल्यालाही क्विंटुस म्हणत, तेव्हा भावंडं मोजायला जाऊ नका.

पिरामिडे मेट्रो स्टेशनसमोर सेस्तिउसचा पिरॅमिड, म्हणजे त्याची समाधी, आहे. तिथलं पहिलं अक्षर ‘सी’, पण नाव गाइउस. जुन्या लॅटिनमध्ये ‘क’ आणि ‘ग’ दोन्हींना हेच एक अक्षर होतं. ‘जी’ इ. स. पू. तिसऱ्या शतकात आला, संक्षेप मात्र कोणी बदलला नाही. ग्नेउसही म्हणूनच ‘सी-एन’. पूर्वेच्या बाजूला खालचा बारीक लेख चुकवू नका: मृत्युपत्रानुसार काम 330 दिवसांत पुरं.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘एल’. सुरुवातीला आला तर लुसिउस. कुळनावानंतर दुसऱ्या आद्याक्षरामागे आला तर ‘लिबेर्तुस’, म्हणजे मुक्त केलेला गुलाम. ‘एल एफ’ लुसिउसचा मुलगा; ‘एल एल’ लुसिउसने मुक्त केलेला. ‘एल’च्या आधी उलटा ‘सी’ दिसला तर मालक बाई होती. शब्दांमधले ठिपके आधी शोधावेत, नाहीतर अक्षरं भलतीकडे जोडली जातात. कोरीव काम झिजलं असेल तर मोबाइलचा टॉर्च समोरून नाही, बाजूने धरावा.

मुक्त गुलाम मालकाचं पाळण्यातलं आणि कुळाचं नाव घेई, जुनं नाव शेवटी राही. पोर्ता माज्जोरेच्या बाहेर पावाचा ठेकेदार मार्कुस वेर्गिलिउस युरिसाकेस याची थडगी-इमारत आहे. शेवटचं नाव ग्रीक, बापाचा उल्लेख नाही. तोही बहुधा असाच सुटलेला. मालकाचाही उल्लेख नाही. माझ्या मते तो मुद्दाम गाळलाय.

रस्त्यांना सहसा कुळनाव देत. व्हिया आप्पिया अपवाद: इ. स. पू. 312 मध्ये तो बांधायला घेणाऱ्या आप्पिउस क्लाउदिउसचं पाळण्यातलं नावच रस्त्याला मिळालं. हे नाव जवळपास क्लाउदिउसांचंच, त्यामुळे घोटाळ्याला जागा नव्हती.

याच रस्त्यावर, तिसऱ्या रोमन मैलाजवळ, सेसिलिया मेतेल्लाची गोल समाधी आहे. सेसिलिया हे कुळाचं नाव, मेतेल्ला त्यातल्या शाखेचं, आणि लेखातलं क्रास्सुस नवऱ्याकडचं. एवढ्या मोठ्या दगडी समाधीवर पाळण्यातलं नाव एकच, तेही एका अक्षरात: ‘क्यू’. क्विंटुस, तिचे वडील.