अंतरपाट खाली येताना

आज साताऱ्यात लग्न शूट केलं. मुख्य कॅमेरा दादांकडे, दुसरा माझ्याकडे. मी या कामात नवीन, पण आज अंतरपाटाचा शॉट दादांनी मला दिला!

शेवटचं मंगलाष्टक संपलं की अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, सगळ्यांचे मोबाईल वर जातात आणि अंतरपाट खाली येतो. 'पुन्हा एकदा' म्हणायची सोयच नाही. म्हणून आधीपासून नवरीवर फोकस धरून उभा होतो. सेकंदाला ५० फ्रेम्स, म्हणजे एडिटमध्ये २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर चित्र निम्म्या वेगाने सुंदर चालतं. शटर १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा आकडा त्याच्याशी जुळला की चित्रात पट्टे येत नाहीत.

आता एडिटला बसलोय. इथे गाणं टाकायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. गुरुजींच्या उपरण्याला लावलेल्या माइकमध्ये नवरीच्या आजींचं मंगलाष्टक आलंय, आवाज कापतोय, पण एक शब्द चुकलेला नाही. तो आवाज मी जसाच्या तसा ठेवणार. दादांनाही तसंच सांगितलंय, ते उद्या बघतो म्हणालेत.