नसांच्या वेदनेवर चुंबकीय उपचार: जागा आणि मात्रा

नागीण बरी झाली तरी तिची आग मागे राहते, हे मी आईच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. फोड सुकून खपल्या पडून गेल्यावरही साडीचा पदर त्या जागी नुसता टेकला, तरी ती अंग चोरून घ्यायची. नसांच्या अशा वेदनेवर दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्यांनी गुंगी येऊ शकते, तोंड कोरडे पडू शकते, आणि तरीही अनेकांची वेदना पुरेशी उतरत नाही. त्यामुळे मेंदूला बाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याच्या उपचाराविषयी, म्हणजे आरटीएमएसविषयी, जे संशोधन प्रसिद्ध होते ते मी आस्थेने वाचतो.

या तंत्राची सुरुवात 1985 मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कवटीखालच्या मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. त्यासाठी ना भूल लागते, ना चिरफाड. वेदनेसाठी मात्र स्पंदने दिली जातात ती हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, आणि हे पहिल्यांदा वाचताना कोणालाही विचित्र वाटेल. त्यामागे जपानमधील शल्यचिकित्सक त्सुबोकावा यांचा अनुभव आहे: मेंदूतील इजेमुळे उद्भवलेल्या वेदनेच्या रुग्णांत त्यांनी याच भागावर इलेक्ट्रोड बसवले आणि वेदना कमी झाल्याचे 1991 मध्ये नोंदवले. पुढे नॅलोक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर चुंबकीय उपचाराचा वेदनाशामक परिणामही घटतो, असे दिसून आले. म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा यात सामील असावी.

खरी कसोटी आहे ती तुलनेची. यंत्र टकटक आवाज करते, डोक्यावर टिचक्या बसतात, आणि एवढ्यानेही रुग्णाला बरे वाटू शकते. म्हणून तसाच भास निर्माण करणारे खोटे वेटोळे वापरून चाचणी घ्यावी लागते. फ्रान्समधील अशा एका बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात 149 रुग्णांची माहिती तपासली गेली आणि 22 आठवड्यांत 15 सत्रे झाली. प्रत्येक सत्रात सेकंदाला 10 या वेगाने 3,000 स्पंदने दिली गेली. हालचालींच्या भागावर उपचार घेतलेल्यांची वेदना खोट्या उपचाराच्या तुलनेत कमी झाली; कपाळामागच्या भागावर घेतलेल्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. याउलट जपानमध्ये 144 रुग्णांवर झालेल्या चाचणीत जागा हालचालींच्या भागाचीच होती, पण वेग सेकंदाला 5 आणि सत्रागणिक स्पंदने अवघी 500. तेथे खऱ्या-खोट्या उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही चाचण्यांत इतरही फरक होते, तरीही मात्रा हे मला सर्वांत पटणारे कारण वाटते.

आपल्याकडे ही यंत्रे प्रामुख्याने नैराश्यासाठी वापरली जातात, आणि त्यात वेटोळे सहसा कपाळामागच्या डाव्या भागावर धरतात. म्हणून नसांच्या वेदनेसाठी पैसे भरण्यापूर्वी वेटोळे कोठे धरणार, वेग किती, सत्रागणिक स्पंदने किती आणि पुढची सत्रे किती अंतराने, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण) किंवा डोक्यात धातूची क्लिप असल्यास, अथवा पूर्वी कधी फिट आली असल्यास, ते त्यांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.