भाकरीच्या कडेचं कच्चं

डिसेंबर उजाडला की बेळगावात कपाटातले मफलर बाहेर पडतात आणि त्यांच्या पाठोपाठ फोनवर सॅलडच्या रेसिपी यायला लागतात. मफलर निदान कानाला ऊब तरी देतो. या रेसिपी नुसत्या वाचूनच थंडी वाजते. लेट्यूसची पानं, झुकिनी, अ‍ॅव्होकॅडो, वरून ऑलिव्ह तेल, आणि सगळं फ्रिजमधून काढलेलं, गारेगार. जिथं सकाळचं धुकं लवकर हटत नाही आणि पाणी कढत झाल्याशिवाय कुणी मोरीकडे फिरकत नाही, त्या गावात रात्री साडेआठला गार पानांचा वाडगा मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे तपश्चर्याच.

आमच्याकडे ती काही दिवस चालली. ह्यांची साखर तपासणीत जराशी वर दिसली, आणि आहारतज्ज्ञांनी कागद लिहून दिला: रात्री जेवणाआधी एक बाऊल सॅलड. हे तो बाऊल इमानेइतबारे संपवायचे. डोळे टीव्हीकडे, काटा तोंडाकडे, आणि शेवटचा तुकडा गेला की सुटल्यासारखं "हं, आता वाढ." सासूबाई हे सगळं कोपऱ्यातून बघत होत्या. एकदा त्यांना राहवलं नाही. "त्याला गुरासारखं नुसतं काय घालतेस गे? भाकरीबरोबर दे की."

दिलं. आणि तेवढंच कच्चं, किंबहुना थोडं जास्तच, कुणाच्या लक्षातही न येता संपलं.

आहारतज्ज्ञांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आधी भाज्या खाल्ल्या की पोट थोडं भरतं, मग भात-भाकरी बेतानं जाते, हे खरंच आहे. पण माणूस ते रोज खाणार असेल तर! कच्च्या पाल्याला शेजारी काहीतरी गरम, खरखरीत लागतं. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी असली की मेथीचा कडवटपणा रुचकर होतो. एकटी मेथी नुसती कडू. तोंडी लावणं ही फार शहाणी सोय आहे. त्यात भाजी खाल्ल्याचं पुण्य मिळत नाही, भाजी मात्र पोटात जाते.

आमच्या भागात याला पचडी म्हणतात. मेथीची कोवळी पानं कच्चीच चिरायची, त्यात कांदा, काकडी, मुळा, गाजर, दाण्याचं कूट नाहीतर कारळ्याची चटणी, आणि वरून कच्चं शेंगतेल. एवढंच. पूर्वेकडच्या गावांत तर तेवढंही करत नाहीत. ताटात भाकरीशेजारी मेथीच्या चार काड्या, कांद्याची पात, मुळा पाल्यासकट, आणि दाताखाली मोडत जेवण.

हिवाळ्यात बेळगावच्या बाजारात उभं राहिलं की आपण कुठल्या जागी राहतो ते कळतं. पश्चिमेला खानापूर तालुका, घाटमाथा. तिथल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात तिथं छत्री असून नसून सारखीच. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीपर्यंत पोचते तोवर माती काळी झालेली असते, पाऊस आटलेला असतो आणि भाताची जागा ज्वारीनं घेतलेली असते. एकाच जिल्ह्यात एवढं सगळं बदलतं. मग बाजारात एका टोपलीत जंगलातले डोंगरी आवळे आणि तांबड्या मातीची रताळी, शेजारच्या टोपलीत काळ्या रानातले हरभऱ्याचे डहाळे. जानेवारीत अथणीकडची द्राक्षं येतात, विजापूरकडून इंडीची लिंबं येतात. पहाटे भाजीच्या गाड्या चोर्ला घाटाकडे, गोव्याला निघतात, आणि गोव्याकडून नारळ आमच्या स्वयंपाकघरात येतो. त्यामुळे इथल्या पचडीत खोबरं घालायचं की कूट, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. पण त्याबद्दल पुढे.

आधी हक्करकी, कच्ची खायची पालेभाजी. ही बाजारात मिळते ती बहुतेक पूर्वेकडच्या गावांतून आलेल्या बायकांकडेच. ओल्या पोत्यावर छोट्या छोट्या पेंड्या मांडलेल्या असतात. मराठी मुलखात हिला पाथरी म्हणून ओळखणारे लोक भेटतील. पान लांबट, कडेनं करवतीसारखं कातरलेलं, देठाकडे किंचित पांढुरकं. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो आणि बोटांना लागून सुकला की तपकिरी डाग पडतो. चव सुरुवातीला काहीच नाही, मग जिभेच्या मागच्या बाजूला हलका कडवटपणा. आता गंमत अशी की मॉलमधल्या काचेच्या फ्रिजमध्ये मानानं बसलेला लेट्यूस आणि पोत्यावरची ही हक्करकी एकाच कुळातल्या. दोघींच्या देठात तोच चीक. ज्या कारळ्याच्या चटणीबरोबर आपण हक्करकी खातो, ते कारळंही त्याच सूर्यफुलाच्या गोतावळ्यातलं. म्हणजे लेट्यूस नाही मिळाला म्हणून हळहळायचं कारण नाही. त्याची गावाकडची बहीण तिथंच बसलेली आहे. मी पेंडी उचलून पानं चाचपत होते तेव्हा विकणारी बाई कानडी हेल काढून मराठीत म्हणाली, "कवळी हाय, पान मोडू नकोस, घे." मी पैसे कानडीत विचारले. आमच्याकडे भाजी अशीच घेतात.

पचडीचं खरं काम चिरण्यात नाही, धुण्यात आणि वाळवण्यात आहे. शिजवायचं नसल्यामुळे मातीची, जंतूंची जी काही भानगड असेल ती इथंच निस्तरायची. पाला मोठ्या पातेल्यात बुडवायचा, हलवायचा, आणि पाल्यावर पाणी न ओतता पाला वर उचलून घ्यायचा, म्हणजे माती तळाशी राहते. तळाला रेती लागेनाशी होईपर्यंत हे करत राहायचं. भाजी नाल्याच्या पाण्यावरची असल्याची शंका आली तर ती सरळ शिजवावी. कच्च्यासाठी शेत ठाऊक असलेली बरी. मग पंच्यावर पसरून पाला कोरडा करायचा. ओल्या मेथीची पचडी कधीही चांगली होत नाही, कूट त्या पाण्यात भिजून लगदा होतो.

मुळा हिवाळ्यातच आणावा. थंडीतला मुळा रसाळ आणि सौम्य असतो, उन्हाळ्यातला नाकात जातो. गाजरात दोन पक्ष आहेत. बारमाही मिळणारी केशरी, नीटनेटकी गाजरं, आणि थंडीपुरती येणारी लांब लालभडक गाजरं. मी लाल पक्षातली. किसताना त्यांना जो गोड वास येतो तो केशरी गाजरांत शोधून सापडत नाही. बीट सगळ्यात शेवटी घालायचं, नाहीतर काकडीपासून कांद्यापर्यंत सगळ्यांची ओळख पुसून ताट लाल होतं.

फोडणी हवी की नको यावर वाद आहेत. मला हवी. चमचाभर शेंगतेल, मोहरी, हिंग, एक ब्याडगी मिरची. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या फोडणीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती रंग देते, जाळत नाही. जाळायचं काम संकेश्वरी मिरचीकडे. तेल बघून डाएटवाल्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. गाजरात जे कॅरोटीन असतं, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते थोड्या स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही. मेथीतलं लोह लिंबाच्या आंबटपणाबरोबर जास्त मुरतं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, तिला लिंबू पिळलेलं चांगलं लागतं एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर भागत होतं.

मीठ मात्र पान वाढल्यावर. आधी घातलं की काकडी-मुळ्याचं पाणी सुटतं आणि वाडग्याच्या तळाशी कढण साचतं. ह्या एका गोष्टीवर मी घरात कुणाचंही ऐकत नाही.

फळांचं म्हणाल तर पेरूसारखं फळ नाही, आणि त्याच्यासारखा दुर्लक्षितही कुणी नाही. सर्दी झाली की माणसं संत्र्यांच्या मागे धावतात. शंभर ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व पन्नासेक मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर. पेरू स्वस्त पडतो म्हणून त्याची किंमत कुणाला नाही. अर्धवट पिकलेला, दाबल्यावर जेमतेम नमणारा पेरू घ्यायचा, बियांचा गर काढून फोडी करायच्या, दही, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, कोथिंबीर. हे क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि चिरून तासनतास ठेवल्यानं कमी होतं, म्हणून जेवायला बसताना चिरायचं. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची ही गोष्ट नाही. डाळिंबाचे दाणे वरून टाकले की मुलं हात लावतात. द्राक्षं मला पचडीत आवडत नाहीत, ती आपली नुसती खावीत. आवळा किसून, त्यात ओली हळद किंवा आंबेहळद किसून, लिंबू आणि मीठ घालून ठेवलं की आठवडाभर पुरतं. तेवढं एकच ठेवणीचं.

आणि सोलाणे! डहाळ्यावरचे घाटे सोलत बसायचं म्हणजे दुपार जाते, नखं हिरवी होतात, बोटांना ती आंबट ओल चिकटते, आणि वाडग्यात पडण्याआधी निम्मे तोंडात गेलेले असतात. जे उरतील ते पचडीत. डाळ भिजवून कोसंबरी करणाऱ्या आमच्या कानडी शेजारणी जे काम मूगडाळीकडून करून घेतात, तेच हे ओले हरभरे करतात: पाल्याला थोडं वजन देतात, प्रथिनंही देतात.

आता खोबरं आणि कूट. सासूबाई खानापूरकडच्या, त्यांच्या लेखी ओलं खोबरं नसेल ती कोशिंबीर अर्धवट. माझं माहेर निपाणीचं. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट डब्यात संपलं की घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखे चेहरे होतात. पहिली काही वर्षं आम्ही एकमेकींच्या पाठीमागे आपापलं घालत होतो, आणि दोन्ही पडलेली पचडी इतकी जड होई की तिच्यावर जेवण भागावं. शेवटी न बोलता वाटणी झाली. पाल्याला कूट, फळाला खोबरं. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर मात्र दोन्ही होतं, कारण त्या दिवशी कुणाला काही म्हणायची सोय नसते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की माणसानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत. हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी लगेच हिशेब मांडला: सकाळचं उकडलेलं रताळं, दुपारची बटाट्याची भाजी, झाले की चारशे. त्यांना सांगावं लागलं की बटाटा आणि रताळं त्या हिशेबात धरत नाहीत, ती पिष्टमय कंदांत मोडतात. बेळगावच्या तांबड्या मातीतल्या बाईला रताळं भाजीत धरत नाहीत हे सांगणं सोपं नसतं. "मग ते काय दगड आहे काय?" म्हणाल्या. मी त्यावर उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली पचडी वाढली हे मी बघितलंय.

पचडी उरली तर दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ नाही. पाला मलूल होतो, कांद्याला वास येतो. ती रात्रीच झाकून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी पाण्यासकट परातीत ओतायची, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ आणि चटणी घालून थापायची. थालीपीठ तव्यावर पडलं, भोकांत तेल सोडलं की घरभर जो वास सुटतो त्याला मुलगा अंथरुणातून उठून येतो. वर लोण्याचा गोळा घेतो आणि पहिल्या घासाला विचारतो, "ह्यात मुळा नाही ना?" त्याला मी म्हणते, गरम आहे तोवर खा.